जुनं पिस्तूल, अडखळणारा चाप

मराठवाड्यात जुनं पिस्तूल विकायला निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "जास्त चालवलेलं नाही." दुसरं, "चाप तेवढा जरा जड आहे." पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं आणि दुसऱ्याचं कारणही त्यातच असतं. गोळ्या झाडून झाडून झिजलेली पिस्तुलं इकडे फार थोडी. कपाटात, चामड्याच्या म्यानात, गाडीच्या डॅशबोर्डात आणि निवडणूक आली की ठाण्याच्या खोलीत पडून बिघडलेली मात्र बक्कळ. म्हणून आमचं मत असं की इथल्या जुन्या पिस्तुलाच्या चापाची तक्रार सुती चिंधी, रॉकेल आणि चार थेंब तेलाने सुटण्याचा संभव जास्त. कानस हातात घेणाऱ्याने मात्र चांगलं यंत्र कायमचं बाद केलेलं दिसतं.

ही जुनी पिस्तुलं बाजारात येतात तरी कुठून, हे आधी पाहिलेलं बरं. 2019 च्या दुरुस्तीने एका परवान्यावरची शस्त्रं तीनवरून दोनवर आली आणि तिसरं शस्त्र वर्षभरात जमा करावं लागलं. वाड्यात बारा बोअरची बंदूक, शिकारीची रायफल आणि वर एक पिस्तूल अशी तिन्ही असलेल्या घरांना एक काढावं लागलं. दुसरा ओघ वारसांचा. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराला ते लोढणं नको असतं. तिसरा ओघ अलीकडचा. बीड जिल्ह्यात 2025 च्या सुरुवातीपासून परवान्यांची छाननी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. परवाना गेला की शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ठरलेल्या मुदतीत कायदेशीर गिऱ्हाईक मिळालं नाही तर ते सरकारजमा होतं. अशा घाईच्या विक्रीत भाव पडतो खरा, पण तपासायला वेळही कमी मिळतो.

सामान्य माणसाच्या परवान्यावर पिस्तूल म्हणजे जवळपास नेहमी बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर, तो विषयच सोडा. बत्तीसमध्ये दोन कुळं आहेत. एक, देशी सरकारी आयुध कारखान्यांचं. दुसरं, आयात बंद होण्याआधी, म्हणजे 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत आलेलं परदेशी: वाल्थर पीपी, एफएन 1910, कोल्ट 1903, वेब्ली अँड स्कॉट. परदेशी पिस्तुलाला कित्येक लाख मोजणारे भेटतात. नळीवरच्या नावाला एवढे पैसे द्यावेत का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण स्प्रिंग तुटली तर ती कुठून आणणार, हे विचारल्याशिवाय देऊ नयेत. ऐंशी-नव्वद वर्षांच्या पिस्तुलाचा सुटा भाग मिळत नाही, तो घडवून घ्यावा लागतो. रोजच्या भरवशासाठी देशी पिस्तूल बरं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बत्तीसचं पिस्तूल आणि बत्तीसचं रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं वेगळी असतात. बोअरचा आकडा सारखा दिसला म्हणून ती एकमेकांत चालत नाहीत. परवान्यावर काय लिहिलंय ते अक्षर लावून वाचा.

कागद आधी, लोखंड नंतर. घेणाऱ्याच्या परवान्यावर पिस्तूल घेण्याची परवानगी हवी. विकणाऱ्याच्या परवान्यावर त्याच शस्त्राचा क्रमांक आणि परवानाधारकाचा युआयएन (सरकारी नोंदीतला स्वतंत्र ओळख क्रमांक) हवा. खाजगी माणसाने परवानाधारकाला शस्त्र विकायचं तर 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर निदान 45 दिवस जाऊ द्यायचे. मधल्या काळात "राहू द्या तुमच्याकडेच, बघा हाताळून" म्हणून पिस्तूल देणं-घेणं दोघांनाही महागात पडतं. छत्रपती संभाजीनगर शहरात हे काम पोलिस आयुक्तालयात होतं. जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव इथे कलेक्टर ऑफिसात. व्यवहार झाल्यावर शस्त्र दाखवून परवान्यावर नोंद करून घेईपर्यंत खरेदी पुरी झाली असं समजू नये.

क्रमांक परवान्यावर वाचायचा आणि लोखंडावरही. फ्रेम (खालचा सांगाडा), स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग), नळी असा जिथे जिथे कोरलेला असेल तिथे भिंग लावून पाहा. घासलेली जागा, वेगळ्या ठशाचा एखादा आकडा, भोवतीचा रंग नवा दिसणं, यांतलं काहीही आढळलं तर पिस्तूल खाली ठेवून निघून यावं. कारखान्याच्या खोट्या शिक्क्याचे गावठी कट्टे आपल्याकडे नेहमी पकडले जातात आणि त्यांतल्या काहींची पॉलिश अस्सलपेक्षा झकास असते.

आता पाहणी. आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढायचं. मग स्लाइड दोन-तीनदा पूर्ण मागे ओढायची, मागे धरून चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने पाहायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा करायचा नाही. आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर वरचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं आणि हातात मोकळं वाटणारं पिस्तूल भरलेलं असतं. "रिकामंच आहे" हे विकणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि तरी आपण पाहावं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. तोंड सतत अशा बाजूला, जिथे माणूस नाही.

नळीत उजेड टाकून पाहा. आटे, म्हणजे आतल्या वळणदार चरा, स्पष्ट हवेत. मध्येच काळसर कडं दिसलं तर कधीतरी अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली गेली आणि नळी फुगली, असं समजा. बारीक गंजाचे ठिपके चालतील, कडं चालणार नाही. एक्स्ट्रॅक्टरचं (चेंबरमधून पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाचं) नख तुटलेलं नाही ना, ते बघा. मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या दोन वळलेल्या कडा, समांतर आणि विनाचीर हव्यात. जादा मॅगझिन मिळत असेल तर त्याचे वेगळे पैसे खुशाल द्या. बत्तीसची पिस्तुलं बहुतेक साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. स्लाइडला कुलूप नसतं, तिचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग (तिला परत पुढे ढकलणारी) एवढ्यावरच सगळा भार. पिस्तुलाचं तोंड वर करून स्लाइड थोडी मागे घ्या आणि हळूहळू सोडा. ती शेवटच्या दोन मिलिमीटरवर रेंगाळली तर एकतर स्प्रिंग दमलेली किंवा रेल्समध्ये (स्लाइड सरकते त्या खाचांत) चिकटा. हे दोन मिलिमीटर लक्षात ठेवा, चापाच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

चापाची खरी परीक्षा चार हालचालींत होते, तीही रिकामं असल्याची पुन्हा खात्री करून. हॅमर (काडतुसाला ठोका देणारा भाग) ताणलेला असताना सेफ्टी लावा, चाप जरा जोरात दाबा, सोडा, सेफ्टी काढा. हॅमर जागचा हलता कामा नये. (वाल्थर पीपीमध्ये मात्र सेफ्टी लावतानाच हॅमर खाली येतो, तो दोष नव्हे.) मग ताणलेल्या हॅमरला अंगठ्याने मागून पुढे रेटा. पडला तर सीअर (ताणलेला हॅमर अडवून धरणारा भाग) झिजलेला, व्यवहार संपला. तिसरी हालचाल: स्लाइड पाचेक मिलिमीटर मागे धरून चाप दाबा, काहीही घडायला नको. चौथी, सगळ्यांत बोलकी: चाप दाबून हॅमर पाडा, चाप दाबलेलाच ठेवून स्लाइड पूर्ण ओढून सोडा. हॅमर वर राहिला पाहिजे. आता चाप हळूहळू सोडत जा. एका ठिकाणी बारीक 'टक्' जाणवेल. त्यानंतर पुन्हा दाबल्यावर हॅमर पडला तर आतली साखळी जुळते आहे. एफएन 1910 मध्ये हॅमर नसतो, स्ट्रायकर (स्प्रिंगने सरळ पुढे धावणारी पिन) असतो. कोल्ट 1903 चा हॅमर आत दडलेला. तिथे डोळ्याचं काम कानाने करायचं. एफएन 1910 मॅगझिन काढल्यावर चाप सोडतच नाही, कारण त्याला मॅगझिनची वेगळी सेफ्टी आहे. ही परीक्षा रिकामं मॅगझिन बसवूनच होते. दोष समजून ते पिस्तूल नाकारू नका.

"जड" हा शब्द विकणारा काय अर्थाने वापरतो, तेही विचारा. वाल्थर पीपीमध्ये हॅमर खाली असताना पहिली ओढ लांब आणि जड असते, कारण चापालाच हॅमर ताणायचा असतो. ती पिस्तुलाची घडण आहे. स्पर्धेतल्या पिस्तुलाशी तुलना करणारेही असतात. तिथे दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅमचा आणि पंचवीस मीटरचा 1000 ग्रॅमचा असावा असा नियम आहे. कमरेला लावायच्या जुन्या बत्तीसमध्ये अडीच-तीन किलोची ओढ असणं नवल नाही आणि ती तशीच असू द्यावी. हलका चाप ही कमरेवर बाळगायची चीज नव्हे.

खरी, दुरुस्त करण्याजोगी तक्रार वेगळी असते. दाबल्यावर चाप पूर्ण परत येत नाही, किंवा आळसावून परत येतो, किंवा एकदा काम करतो आणि पुढच्या वेळी नुसता पोकळ दाबला जातो. असं का होतं ते समजायला आतली साखळी पाहावी लागते. चापाला जोडलेली एक पट्टी असते, ट्रिगर बार. ती सीअरला ढकलते, सीअर हॅमरला सोडतो. स्लाइड मागे गेली की डिसकनेक्टर खाली दाबला जातो आणि बार सीअरपासून सुटतो. स्लाइड पूर्ण पुढे येऊन बसली आणि चापही पूर्ण सुटला, की बार पुन्हा सीअरमागे येतो. एका दाबाला एकच गोळी सुटते ती यामुळे. बारला परत आणणारी स्प्रिंग बारीक असते. चिकट तेलाचा थर, धूळ, घासणारी ग्रिप (मुठीवरची पट्टी), एवढंसं कारणसुद्धा तिला भारी पडतं.

आणि तेलाच्या बाबतीत आपल्याकडे आनंद आहे. देवघरातलं खोबरेल, स्वयंपाकघरातलं करडईचं, ट्रॅक्टरचं ग्रीस, जे हाताशी असेल ते. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो, तेव्हा खोबरेल घातलेल्या पिस्तुलाचा चाप सकाळी अडतो आणि दुपारी उन्हात बरोबर चालतो. मालक म्हणतो, "कधी कधी होतं." त्या 'कधी कधी'ची वेळ विचारली की निदान झालं. करडई, सूर्यफूल, सोयाबीनचं तेल हवा लागून घट्ट होत जातं आणि शेवटी त्याचा पिवळा डिंक बनतो. ग्रीस आमच्या काळ्या मातीच्या फुफाट्याशी मिळून कानशीसारखं घासणारं मलम तयार करतं. गंज सोडवायचा स्प्रे साफ करायला ठीक, वंगण म्हणून टिकत नाही. शिलाई मशीनचं हलकं खनिज तेल मात्र परवडणारं आणि चांगलं. बंदुकीचं तेल मिळालं तर उत्तमच.

साफसफाई अशी. पिस्तूल त्याच्या पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच उघडायचं: स्लाइड, रिकॉइल स्प्रिंग, नळी. खाली पांढरा कपडा अंथरा. स्प्रिंग निघताना हात पारदर्शक पिशवीत घातलेले असले तर उडालेली चीज पिशवीतच राहते. फ्रेममधल्या पिना ठोकून काढायच्या नाहीत, त्याची गरजच पडत नाही. जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून ट्रिगर बारची वाट, डिसकनेक्टरचं छिद्र आणि मॅगझिनच्या विहिरीच्या आतल्या बाजू घासा. दहा मिनिटं मुरू द्या, चाप वीस-तीस वेळा हलकेच मागेपुढे करा आणि काळं-पिवळं पाणी गळेल ते टिपत राहा. हॅमर मोकळा आपटू देऊ नका, अंगठ्याने धरून उतरवा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हेच. पेट्रोल नको, भडका उडतो आणि प्लॅस्टिकच्या ग्रिपवर डाग पडतात. रॉकेल पूर्ण पुसून घ्या, ते मागे राहिलं तर गंज थांबवत नाही. मग तेल: चापाच्या पिनेवर एक थेंब, बारवर एक, हॅमरच्या पिनेवर एक, दोन्ही रेल्सवर एकेक थेंब बोटाने पसरलेला. झालं. जास्तीचं तेल धूळ ओढतं आणि काडतुसाच्या बुडच्या टोपीपर्यंत (ठोका बसून पेटते ती) पोचलं तर काडतूस उडतच नाही.

पुष्कळदा इथेच काम संपतं. नाही संपलं तर ग्रिपकडे वळा. हस्तिदंती दिसणारी, सागवानी, चांदीच्या ठशाची अशी हौसेची ग्रिप बसवण्याची आवड आपल्याकडे मोठी. बऱ्याच पिस्तुलांत ट्रिगर बार ग्रिपच्या अगदी आतून धावतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, किंवा नव्या ग्रिपचा स्क्रू जुन्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर लांब निघतो आणि त्याचं टोक बारला टेकतं. दोन्ही ग्रिप काढून चाप दाबून बघा. मात्र काही मॉडेलांत एखादी स्प्रिंग ग्रिपनेच दाबून धरलेली असते. ती आधी ओळखा आणि तिच्यावर बोट ठेवा. ग्रिपशिवाय चाप झटकन परत आला, तर गुन्हेगार सापडला. नेमका कुठे घासतो हे पाहायला बारवर किंचित काजळ लावा, ग्रिप बसवा, चाप दहा-बारा वेळा दाबा आणि ग्रिप काढून आतली बाजू पाहा. जिथे काळं उमटलं तेवढीच जागा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. अर्धा मिलिमीटर खूप झालं. घासायचं ते लाकूड, लोखंड नव्हे. स्क्रू लांब असेल तर मूळ मापाचा आणा.

तिसरं कारण चापाच्या बाहेरचंच असतं: स्लाइड पूर्ण पुढे येत नाही, म्हणून डिसकनेक्टर दाबलेलाच राहतो आणि चाप पोकळ लागतो. मघाचे दोन मिलिमीटर ते हेच. चेंबर साफ करा, स्प्रिंग पाहा आणि काडतुसं कशी भरली आहेत तेही. बत्तीसच्या पिस्तुलाच्या काडतुसाची बुडाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे अडकली की दोघं एकमेकांत गुंततात, स्लाइड मध्येच थांबते आणि बोल चापाला लागतो.

एवढं करूनही दोष राहिला तर बारची स्प्रिंग दमली आहे किंवा सीअरची कड गेली आहे. इथे हात थांबवायचा. शस्त्राच्या दुरुस्तीलाही कायद्याने परवाना लागतो. साफसफाई मालकाची, भाग बदलणं परवानाधारक कारागिराचं. गावातला लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नेऊ नका. तो सीअरला पॉलिश मारून देतो, चाप लोण्यासारखा होतो, आणि मग स्लाइड पुढे आपटताना सीअर हॅमरला धरूनच ठेवत नाही. अशा वेळी बोट न दाबता गोळी सुटू शकते. एका दाबात दोन-तीन सुटल्या तर ते स्वयंचलित शस्त्र ठरून प्रतिबंधित वर्गात जाऊ शकतं. दुसरी आवडती युक्ती हॅमरच्या स्प्रिंगचा एखादा वेढा कापण्याची. ओढ कमी होते, पण फायरिंग पिनचा ठोका उथळ पडतो आणि काडतूस फुसकं जातं. झाडलेल्या पुंगळ्यांच्या टोप्या पाहिल्या तर खड्डा खोल आहे की नुसता ओरखडा, हे दिसतं. जुनं पिस्तूल घेताना दोन-चार पुंगळ्या दाखवा म्हणावं.

कारागिराकडे पिस्तूल स्वतः, परवाना बरोबर ठेवून न्यावं. पावतीवर बनावट, क्रमांक, तारीख आणि तक्रार लिहून घ्यावी. "चाप हलका करा" असं सांगू नका. "चाप परत येत नाही, मूळ ओढ तशीच ठेवा" असं सांगा. परत घेताना मघाच्या चार हालचाली त्याच्यासमोर करा. बदललेला भाग मागून घ्या. झाडून तपासणी रेंजवरच, शेतात किंवा आखाड्यावर नाही. लग्नाच्या वरातीत तर नाहीच, आनंदाच्या भरातल्या निष्काळजी गोळीबाराला 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन. दुसरं आपोआप सुटलं किंवा स्लाइडबरोबर हॅमरही खाली आला, तर तिथेच थांबून पिस्तूल परत कारागिराकडे. ठोका पडूनही काडतूस उडालं नाही, तर तोंड निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मग स्लाइड ओढायची.

राहिला ठाण्यात जमा करण्याचा भाग. आचारसंहिता लागली की लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असं करत पिस्तूल कित्येक महिने तिकडेच असतं. चामड्याच्या म्यानात घालून देऊ नका. कातडं ओल धरतं, आणि ते कमावताना वापरलेले क्षार पोलादाला खातात. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळीतून आणि बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवा, कोरड्या सुती कपड्यात गुंडाळा, वर क्रमांकाची चिठ्ठी बांधा. जमा-पावतीवर पिस्तुलाचा आणि मॅगझिनचा स्वतंत्र उल्लेख करून घ्या. मॅगझिन वेगळं लिहिलेलं नसेल तर परत घेताना दुसऱ्याचंच हाती पडू शकतं. घरी आणल्यावर चाप दाबून पाहण्याआधी नळीत काठीवरची चिंधी फिरवा. कुंभारमाशी पेनाच्या टोपणात घर करते, तशी उघड्या नळीतही करते.